वाळूतला रानकांदा

"वाळूत कधी कांदा येतो होय गं?" सुनेच्या कुंडीकडे बघत गोदाक्कांनी नाक मुरडलं. बाडमेरच्या केसरनं माहेरच्या वाळवंटातला गोटीएवढा रानकांदा तिथल्याच वाळूत जपून आणला होता. "आत्याबाई, पावसापर्यंत त्याला पाणी नको हं," तिनं बजावलं.

कालची पोर निफाडच्या बाईला कांदा शिकवणार! केसर बाहेर गेली की गोदाक्का मुद्दाम तांब्याभर पाणी ओतायच्या. आठवड्यात कुंडीतून कुजका वास सुटला. मग त्यांनी कांदाचाळीतला आपला एक कांदा गुपचूप तिथं पुरला.

पावसाळ्यात जाडजूड पात तरारली. केसरनं ती चुरगळून हुंगली, मुळासकट उपटली, चिरली आणि भाकरीशेजारी सासूच्या ताटात वाढली.

"घ्या आत्याबाई, तुमचाच आहे. आला की वाळूत!"