एकच सीट

स्वतः डिझाइन केलेलं बिनइंजिनाचं विमान, म्हणजे ग्लायडर, नवऱ्याने गॅरेजमध्ये बांधायला घेतलं, तेव्हा बायकोने विचारलं, "एकच सीट? अहो, मग मी काय करायचं?"

"तू खाली उभी राहून माझी काळजी करायची!"

पुढे कितीतरी वर्षं त्याला दुसरं काही सुचलं नाही. पायाखालची पेडलं बसवायची असोत की डोक्यावरचं काचेचं झाकण, हा पान्हा घेऊन खाली आडवा व्हायचा आणि हाक मारायचा, "अगं, जरा आत बस. पाय पोचतात का? डोकं लागतंय का?" ती बिचारी हातातलं काम टाकून बसायची. शनिवारी शिवणाच्या क्लासला जायची, तेवढीच तिची सुटका. तिने शिवलेली साधी उशीची खोळही कधी घरात दिसली नाही, पण याचं लक्ष घरात होतंच कुठे?

अखेर उड्डाणाचा दिवस उजाडला. ग्लायडिंग क्लबच्या मैदानावर उंचापुरा नवरा मोठ्या ऐटीत आत शिरला. गुडघे हनुवटीला टेकले आणि झाकण काही केल्या लागेना. बायको बसली, तर अगदी मापात!

"पण तुला कुठे उडवता येतं?" तो रडकुंडीला आला.

तेवढ्यात क्लबचे प्रशिक्षक ग्लायडर ओढून वर नेणारा दोर अडकवायला आले आणि आत वाकून म्हणाले, "काय ताई, दर शनिवारी शिकवलेलं सगळं लक्षात आहे ना?"



"आहे की," म्हणत तिने झाकण ओढलं. "अहो, आता तुम्ही खाली उभे राहून माझी काळजी करा!"