मोठ्या आवाजात

लव्हायनाच्या बाळाचं डोकं बाहेर आलं, आणि कासवाने मान आत घ्यावी तसं लगेच मागे ओढलं गेलं.

सुईण जोलीनचा हात आपोआप पलंगामागच्या भिंतीकडे गेला. दवाखान्यात तिथे लाल बटण असतं. दाबलं की चार माणसं धावत येतात. इथे नुसत्या लाकडी खुंट्या होत्या. तिचा हात लागून लव्हायनाच्या नवऱ्याची, मेनोची, काळी टोपी खुंटीवरून खाली पडली.

"काय हवंय?" लव्हायनाच्या सासूने, मॅटीने विचारलं.

आमिश घर, जुन्या रीतीने जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. वीज नाही, फोन शेताच्या टोकाला. नऊ वर्षं दवाखान्यात काढून जोलीन पहिल्यांदाच घरचं बाळंतपण करत होती. सोबतीला आलेल्या इथल्या जुन्या सुईणीने, म्हाताऱ्या आर्डिथने गाडीतच बजावलं होतं, "तुमच्या दवाखान्यासारखा गलका नको हं, पोरी. बाई घाबरते. हात चालव, तोंड नको. हे जमलं तर पुढची घरं तुझी."

म्हणून सकाळपासून जोलीन कुजबुजत होती. आता मात्र सवयीचा खणखणीत आवाज बाहेर पडला.

"खांदा अडकलाय! बाळाचा खांदा आईच्या हाडामागे अडकलाय. लव्हायना, आत्ता जोर लावू नकोस. मॅटी, हा पाय धरा. मेनो, तू तो धर. गुडघे पोटाशी, अजून वर! आर्डिथ, हाडाच्या वर दाब द्या, बाळाच्या पाठीच्या बाजूने!"

गाई विताना वासरं ओढून हात तयार झालेल्या मेनोने पाय असा धरला, जणू रोजचंच काम. आर्डिथ तळहाताने दाब देत होती.

"आता लाव जोर! अजून... नाही हलत. ठीक आहे. लव्हायना, उलटी वळ, हातांवर आणि गुडघ्यांवर ये."

"मला नाही जमायचं!"

"अगं, वळलीससुद्धा! आता मी हात आत घालतेय. दुखेल. बाळाचा हात शोधतेय... कोपर... सापडलं! येतोय!"

आधी इवलासा हात आला, मग खांदा, आणि मग सगळंच बाळ सुळकन जोलीनच्या ओंजळीत. निळसर, गप्प.

"श्वास नाही अजून. पुसतेय. पाठ चोळतेय. चल गं बाई, चल..."

बाळाने तोंड वाकडं केलं आणि घर दणाणून सोडलं.

"हा तर नांगराचा घोडा जन्मला!" मेनो ओरडला.

"घोडी," जोलीन म्हणाली, आणि लव्हायना रडता रडता हसायला लागली.

वार पडली, रक्त आटोक्यात होतं. बाळ आईच्या छातीवर विसावलं. तेव्हा कुठे जोलीनने हात धुतले. तिने आर्डिथकडे पाहिलं. "माझा आवाज फार चढला."

"चढू दे की," आर्डिथच्या आधी मॅटीच बोलली. "हिच्या हातून आठ झाली मला. आत काय चाललंय ते एकदाही कुणी सांगितलं नाही."

"मग विचारायचंस ना, मॅटी!"

"तुझं तोंड बघून? पाचव्याच्या वेळी तर मला वाटलं, मीच चालले. तू आपली खिडकीबाहेर बघत होतीस."

आर्डिथ हातातल्या फडक्याची उगाच घडी घालत राहिली. मग म्हणाली, "जोलीन, संध्याकाळची मिलरांच्या बाळंतिणीकडची फेरी तू एकटी कर. उद्याचीसुद्धा."

"आणि तुम्ही?"

आर्डिथ मॅटीशेजारी टेकली.

"पाचव्याच्या वेळी ना," ती म्हणाली, "ऐक, काय झालं होतं ते."