फुटलेलं मत

"शिडी, दोनशे तीस. कंदील, एक," मोजणी करणारा कारकून म्हणाला आणि त्याने गठ्ठ्याला रबर लावलं.

उत्तमने समोरच्या कागदावर आकडे उतरवले. दोनशे तीस लिहिताना हात स्थिर होता. एक लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

शिडी ही त्यांच्या उमेदवाराची निशाणी. शिडीच्या बाजूने मोजणीवर नजर ठेवायला उत्तम सकाळीच ठाण्याला आला होता. आता उघडलेली पेटी त्याच्याच वस्तीची होती. भाईंदर पश्चिमेला, मिठागरांच्या पलीकडे, रायगडातून मीठ काढायला आलेल्या लोकांची वस्ती. तिथे नळ नव्हता. एक दिवसाआड टँकर यायचा, नाही आला तर बायका अर्धा तास चालत जायच्या. प्रचाराच्या वेळी शिडीवाल्यांचे बाबाजी सांगून गेले होते, "सगळीच्या सगळी मतं द्या, आठ दिवसांत नळ. एक जरी फुटलं, तर पुन्हा नळाचं नाव काढायचं नाही."

फुटलेलं ते एक मत उत्तमचं होतं.

त्याला शिडीचा राग नव्हता आणि कंदिलाचं प्रेमही नव्हतं. तो वीस वर्षांचा होता. मताचं वय एकवीसवरून अठरावर आलं, म्हणून यंदा त्याचं नाव यादीत लागलं. घरोघर फिरून, शिक्का कुठे मारायचा हे त्यानेच सगळ्यांना शिकवलं. पण पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटा उभा राहिल्यावर त्याला वाटलं, सगळं आधीच ठरलंय, एवढं एक तरी आपण ठरवावं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याने गणितही केलं. लाखभर मतांत एक. खाडीत टाकलेला मिठाचा खडा कोण शोधणार? प्रत्येक केंद्राची पेटी वेगळी उघडतात आणि वेगळी मोजतात, हे त्याला आज या टेबलापाशी बसल्यावर कळलं.

बाबाजी मागून कागदावर वाकले. "काय रे उत्तमशेठ, कोण हा दीडशहाणा?"

"माहीत नाही."

"संध्याकाळपर्यंत नाव पाहिजे. मग नळाचं बघू."

उत्तम बाबाजींचा निरोप घेऊन वस्तीत परतला. नाव शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "शोधताय काय?" शेजारची मंदा म्हणाली. "गोदूबाई! कंदीलवाल्याच्या गावची माहेरवाशीण ना ती!"

गोदूबाई एकटी राहायची. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. ती दारात येऊन म्हणाली, "न्हाय गो. मी शिडीवरच मारला. उत्तमनं दावला तसाच."

सगळ्यांनी उत्तमकडे पाहिलं. बोलायची हीच वेळ होती. घराघरात त्याची लाज निघाली असती, आईला खाली बघावं लागलं असतं. पण गोदूबाई सुटली असती.

"मला काय ठाऊक," उत्तम म्हणाला.

मंदाने टँकरच्या रांगेतला गोदूबाईचा हंडा उचलून बाजूला ठेवला. तिच्या नवऱ्याने बाबाजींकडे नाव धाडलं. त्या दिवशी गोदूबाईला पाणी मिळालं नाही, आणि ती कोणाकडे मागायलाही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओने सांगितलं, कंदील निवडून आला.

वस्तीत चहासुद्धा उशिरा झाला. दहाच्या सुमाराला कपाळभर गुलाल फासलेला एक माणूस स्कूटरवरून आला. नव्या आमदारांनी पाठवलं होतं म्हणे.

"साहेबांनी बूथवार आकडे बघितले," तो म्हणाला. "बोलले, अख्ख्या वस्तीसमोर एकटा उभा राहिला, हिंमतवाला आदमी आहे. नळ द्यायचा तो त्याच्याच दारात. कोण आहे तो?"

उत्तम दोन माणसांच्या मागे सरकला.

"अहो, या आमच्या गोदूकाकी!" मंदा पुढे झाली. "मी तर कालच बोललेले!"

"मी न्हाय," गोदूबाई म्हणाली. "काल बोलले तेच आज बोलतंय."

"आजी लाजतायत," असं म्हणून माणूस हसला आणि त्याने वहीत तिचं नाव लिहून घेतलं.

दुपारपर्यंत रस्त्यापासून गोदूबाईच्या दारापर्यंत चुन्याची रेघ ओढली गेली. मंदा स्वतःच्या घरातलं पाणी भरलेला हंडा तिच्या ओट्यावर ठेवून गेली. गोदूबाईचं घर एवढ्या माणसांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

उत्तम दिवसभर घरात पडून होता. चार वाजता उठला आणि तिच्या दारात जाऊन उभा राहिला. ती तांदूळ निवडत होती.

"काकी," तो म्हणाला, "ते मत माझं होतं. काल सगळ्यांसमोर बोलायला पाहिजे होतं. माझी हिंमत झाली नाही." त्याचे डोळे भरून आले.

गोदूबाईने सूप खाली ठेवलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिने मंदाच्या हंड्यातून पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"बस. पाणी पी," ती म्हणाली. "मंदाचा नवरा पण असाच रडला. सकाळपासून ते मत आपलं म्हणून सांगाया आलेला तू सातवा."