लठ्ठ मोर

स्क्रीन उजळली आणि उत्कर्षाचा जीव भांड्यात पडला. काल लिनक्स या संगणकप्रणालीचा अपडेट घातल्यापासून कारखान्यातला हा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण दाखवायचा नुसता काळोख. इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी भल्या माणसाचा सल्ला वाचून तिनं सुरुवातीच्या ओळीत 'नोमोडसेट' असा एक शब्द घातला होता. म्हणजे स्क्रीनवर चित्र नीट उमटवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवायचा आणि जेमतेम चित्र पदरात पाडून घ्यायचं. आजचा दिवस निभावला तरी पुष्कळ होतं.

कारण आज हुसेनसाब यायचे होते. अक्कलकोट रोडच्या या कारखान्यातल्या चादरींची नक्षी त्यांनी जन्मभर ग्राफच्या कागदावर घरं रंगवून काढली, आणि उत्कर्षालाही हाताला धरून शिकवली. मग मोतीबिंदूनं सगळं धुरकट झालं. आता ऑपरेशन झालं होतं. त्यांनी कागदावर काढलेला शेवटचा मोर तिनं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवला होता. त्यांनी पाहिल्याशिवाय तो मागावर चढवायचा नाही, असा तिचा हट्ट होता.

हुसेनसाब आले, काळा चष्मा काढून खुर्चीत बसले.

"दिसतंय का चाचा?"

"दिसतंय की. छान हाय."

उत्कर्षाला खात्री वाटेना. ऑपरेशनच्या आधीही ते हेच म्हणायचे. पोरीचं मन मोडायचं नाही म्हणून म्हाताऱ्यानं कोऱ्या कागदालाही छान म्हटलं असतं. अशा मायाळू माणसाचं खरं मानायचं तरी कधी?

हुसेनसाब मात्र अजून स्क्रीनकडेच पाहत होते. हळूहळू त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"राग मानू नको पोरी. मोर लई लठ्ठ झालाय. आन् ही घरं चौकोनी कुटं हायत? आडवी ताणल्यात."

उत्कर्षानं पाहिलं. खरंच की. ड्रायव्हर नसल्यानं सगळं चित्रच आडवं पसरलं होतं, आणि स्क्रीन लागल्याच्या आनंदात तिच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलं का माझं?" म्हातारा ओशाळला.

"नाही चाचा." तिनं ओढणीनं डोळे पुसले. कामाला नावं ठेवल्याचा इतका आनंद तिला आजवर झाला नव्हता.

तिनं तो शब्द काढून टाकला आणि कॉम्प्युटर अपडेटच्या आधीच्या, जुन्या कर्नेलवर, म्हणजे प्रणालीच्या जुन्या गाभ्यावर, सुरू केला. हा उपायही त्या अनोळखी माणसानंच लिहून ठेवला होता. त्याचं भलं होवो, असं ती मनात म्हणाली. स्क्रीन काळी झाली, लुकलुकली, आणि मोर सडपातळ होऊन उभा राहिला.

"आता?"

हुसेनसाबांनी मान तिरकी करून चोचीपासून पिसाऱ्यापर्यंत सावकाश पाहिलं.

"आता छान हाय."

उत्कर्षानं पुन्हा विचारलं नाही.