कंप्रेसरचे लाड

मिरकरवाडा बंदरावरच्या आमच्या बर्फाच्या कारखान्यात कंप्रेसरचा आवाज जरा बदलला, की शेठ लगेच कोल्हापूरहून मेकॅनिकला बोलावतात. महेंद्र येतो, डॉक्टरांसारखी नळी कानाला लावतो आणि मशीनला टेकवून डोळे मिटून ऐकत राहतो. शेठ त्याचा चहा हातात धरून शेजारी उभे असतात.

मशीनमधून गळणारा अमोनिया वायू हुंगून हुंगून माझ्या छातीत घरघर बसली होती. "कामगारांसाठी महिन्यातून एकदा तरी डॉक्टर बोलवा," असं मी शेठना म्हटलं, तर ते हसले.

"धोंडूकाका, बर्फाच्या कारखान्यात डॉक्टर कशाला? इथे मासेसुद्धा खराब होत नाहीत."

काल महेंद्र मशीनवरून मायेने हात फिरवत होता. ते बघून माझा जळफळाट झाला. त्या लोखंडाच्या धुडाचे एवढे लाड, आणि आम्ही खोकून बेजार झालो तरी कुणी ढुंकून बघत नाही. शेठ फोन घेऊन बाहेर गेले, तशी मी सदऱ्याची बटणं सोडली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"जरा माझं पण ऐक रे. लोखंडाचं एवढं कळतं, तर माणसाचं थोडं तरी कळेल."

महेंद्र हसत हसत तयार झाला. त्याने नळी माझ्या छातीवर ठेवली. मी मोठा श्वास घेतला, मग दुसरा. हळूहळू त्याचं हसू गेलं.

 

"काका, हा आवाज मशीनचा असता, तर शेठनी आजच काम थांबवलं असतं."