न मागितलेली उचल

मनगटावरच्या पट्ट्याला माणसाची नड आधीच कळायची आणि उचल न मागताच खात्यात पडायची. साखर कारखान्याच्या पगार विभागातल्या शेलारबाई नव्या यंत्राला चांगल्याच सरावल्या होत्या. पूर्वी "कशाला हवीय?" असं दरडावल्याशिवाय त्या उचलीवर सही करत नसत. आता खिडकीशी चिटपाखरू फिरकत नव्हतं.

आज मात्र बॉयलरवरचा रंगराव येऊन उभा राहिला.

"तुमची उचल सकाळीच जमा झालीय की!" पडद्याकडे बघत बाई म्हणाल्या.

"व्हय, मिळाली." तो जागचा हलेना. "पन कशापायी, ते कुनी इचारलंच न्हाई."

बाईंनी पडदा बंद केला आणि जुन्याच आवाजात दरडावलं, "कशाला हवीय?"

रंगरावानं सुस्कारा सोडला आणि बाकावर टेकला.