अंगावर काढलेलं दुखणं

सिस्टरने पुन्हा विचारलं, "काका, दुखतंय का?"

"छे," तो म्हणाला. "हर्नियाचं ऑपरेशन खरंच केलंत ना? मला तर शंका येतेय."

जन्मभर लाकडी कपाटं जिन्यांवरून चढवणारा माणूस. ओझ्यानेच हे झालं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याने ते वर्षानुवर्षं अंगावर काढलं होतं. आता जांघेतल्या टाक्यांमध्ये एक बारीक नळी होती आणि उशाशी कांद्याएवढा रबरी फुगा. फुग्यातलं औषध थेंबाथेंबाने जखमेत उतरतं आणि तेवढीच जागा बधीर ठेवतं, असं सिस्टरने सांगितलं होतं.

शेजारी स्टुलावर त्याची बायको वाकून बसली होती. चेहरा पिठासारखा पांढरा. उजवा हात जांघेवर दाबलेला.

"काय गं?"

"काही नाही. स्टूल टोचतंय."

"ऑपरेशन माझं आणि तोंड वाकडं तुझं."

ती हसली नाही.

त्याला खोकला आला. पोटाला चांगला हिसका बसला, पण त्याला काहीच जाणवलं नाही. तिने मात्र दात आवळले. तो कुशीवर वळला, तशी ती कळवळली. तेव्हा त्याने चादरीखाली, तिला दिसणार नाही असा, हळूच पाय पोटाशी घेतला.

"आई गं," ती म्हणाली.

त्यानंतर तो हललाच नाही. श्वाससुद्धा बेताने घेऊ लागला. तिला मुळात धाप लागायची. हे तिला कितीसं झेपणार होतं?

सिस्टर औषध बघायला आली. तिने फुगा हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला.

"नळीची चिमटी बंदच राहिलीय. औषध सगळं तसंच आहे. काका, एक थेंबही आत गेलेला नाही आणि तुम्ही दुखत नाही म्हणताय?"

"आधी ती उघडा," तो म्हणाला. "बाकीचं मग."

चिमटी उघडली. त्याला काहीच कळलं नाही. थोड्या वेळाने स्टुलावरच्या बाईची बोटं सैल झाली. तिने पाठ सरळ केली. डॉक्टरांना सांगायला सिस्टर बाहेर धावली.

"माझं मला परत दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी सोसेन."

"राहू द्या हो," ती म्हणाली. "धाकटीच्या जन्माच्या वेळी मला तरी कुठे काय दुखलं होतं? डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या."

त्या दुपारी गोदामात, हातात कसलंही ओझं नसताना, तो पोट धरून जमिनीवर लोळला होता. जांघेतली गाठ तेव्हापासूनची.